पाळीत पुरलेले माग

तलावाला शंभर वर्षं झाली म्हणून कोसमतळ्यानं जो थाट मांडला होता, तो बघून सुगंधाबाईला हसू येई. या गावात माणसाची साठीसुद्धा कुणी कधी केली नव्हती, आणि पाण्याची शंभरी होणार होती. घाटाच्या पायऱ्या घासून झाल्या, पाळीवरच्या, म्हणजे तलावाच्या बांधावरच्या, दगडांना चुना लागला, वडशाहून मंडपवाला आला. भय्यासाहेब मालगुजारांच्या हस्ते जलपूजन ठरलं. मालगुजारी, गावची जमीनदारी, जाऊन पस्तीस वर्षं झाली, तरी गावाच्या तोंडून तो शब्द काही गेला नव्हता. आणि हायस्कूल भय्यासाहेबांचं, धानाची सोसायटी त्यांच्या मेव्हण्याची, म्हटल्यावर तो जावा तरी कशाला!

त्या रविवारी टेंभुर्ण्यांच्या घरात मात्र लगबग होती ती वेगळ्याच कारणाची. सुगंधाबाईच्या थोरल्या भावाच्या, खुशालच्या गुलाबला त्याच हायस्कुलात मास्तरकी लागत होती. ऑर्डर अजून हातात नव्हती. शताब्दी पार पडली की भय्यासाहेब सही करणार होते. पण गुलाबच्या आईला, भागीरथेला, कुठला धीर? तिनं सकाळीच वड्यांची डाळ वाटायला घेतली. धाकटा भाऊ देवराव माजरीच्या कोळसा खाणीतून सुट्टी काढून आला. आणि सुगंधाबाईनं आश्रमशाळेतला दुपारचा स्वयंपाक दुसऱ्या बाईच्या गळ्यात घातला. गुलाब भावाचा, पण वाढवला होता तिनं. नवरा गेल्यावर तेविसाव्या वर्षी ती माहेरी परतली, तेव्हा हा दीड वर्षाचा होता आणि भागीरथा रोजीनं धानाच्या रोवणीला जात असे. तो चालायला, बोलायला, मुळाक्षरं गिरवायला शिकला तो आत्याच्या मांडीशी. ती स्वतः दुसरीच्या पुढे गेली नव्हती, पण त्याला बी.एड. करायचं हे तिनं तो पहिलीत असतानाच ठरवून टाकलं होतं.

जेवणं आटोपली आणि गहाणे गुरुजी आले. बगलेत जाड लिफाफा, डोक्यावर टोपी, पायात धुळीनं भरलेल्या चपला. गुरुजी हायस्कुलातून निवृत्त झालेले आणि शताब्दीच्या स्मरणिकेचे संपादक. समितीत टेंभुर्ण्यांच्या वस्तीतून एकटा खुशाल होता, म्हणून ते त्याच्याकडे आले होते.

"या गुरुजी, बसा," खुशालनं खाट पुढे ओढली. "भागीरथे, चाय ठेव."

गुरुजी बसले, चहाही प्यायले. सुगंधाबाई त्यांच्या कपाकडे बघत राहिली. ती लहान असताना हेच गुरुजी शाळेची पटनोंदणी करायला आले, की रस्त्यावर उभे राहून नावं विचारायचे. माणसं बदलतात हे खरं, आणि बदलली की आपण लगेच मागचं विसरावं अशी त्यांची अपेक्षा असते, हेही तितकंच खरं.

"चारच्या एसटीनं ब्रह्मपुरीला जातो. उद्या छपाई सुरू," गुरुजी म्हणाले. "खुशालराव, तुम्ही वडिलांचा, मुखरूजींचा फोटो दिलात ना, त्याच्याखाली दोन ओळी पाहिजेत. त्या लिहून द्या. आणि बाकी काय लिहिलंय ते एकदा ऐकून घ्या."

लिफाफ्यातून कागद निघाले. वर ठळक अक्षरात होतं, 'आठवणीतला कोसमतळा'. वाचायचं काम अर्थातच गुलाबकडे आलं, आणि तो ऐटीत खाटेच्या कडेला बसला.

गुरुजींनी लिहिलं मात्र फार छान होतं, हे कबूल करायलाच हवं. पाळीच्या उगवतीला डाक बंगला आणि त्याचा खानसामा, जो साहेब नसले की साहेबाच्या आरामखुर्चीत स्वतः पाय पसरून बसायचा. मग चिंचांखालचा गुरुवारचा बाजार. मग लाखेची वखार. कोसमाच्या झाडांवरची लाख जंगलातून बैलगाड्या भरभरून यायची आणि वखारीच्या दारात उन्हात तापली की अख्ख्या पाळीला तिचा वास सुटायचा. मग इतवारीचं चहाचं हॉटेल, जिथं मोटार थांबायची. मग सायकलचं दुकान, एक आण्यात तासभर. आणि शेवटी राइस मिल, जिच्या भोंग्यावर गावच्या बायका भाताला आधण ठेवायच्या.

"सायकलवाला बुधू!" देवराव खाटेवर उडालाच. "अगा, म्या त्याची सायकल तलावात घातल्ती. अंगावरच्या कपड्यासकट बुडी मारून काहाडली, अन् त्याले म्हटलं, धुऊन आनली गा तुही सायकल!"

सगळे हसले. भागीरथा चुलीजवळून म्हणाली, "नाटकाचा तंबू नाई लिवला? मी नवी नवरी होती तवा राजा-रानीचं नाटक पाह्यलं तिथी. रानीले मिशा होत्या, बाई."

"लिहिलाय, लिहिलाय, पुढच्या पानावर आहे," गुरुजी खुशीत म्हणाले.

सुगंधाबाईही हसत होती. आज पाळीवर यातलं काहीच उरलं नव्हतं. डाक बंगल्याच्या चौथऱ्यावर बेशरमाची झाडं माजली होती, वखारीचं छप्पर वादळात गेलं होतं आणि मिलचा भोंगा कुणीतरी भंगारात विकला होता. तरी गुलाब वाचत गेला तशी पाळ एका टोकापासून पुन्हा उभी राहत गेली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मिलच्या पुढे काय येणार ते तिला ठाऊक होतं. ती सरसावून बसली.

"'राइस मिल ओलांडली की आमराई लागे,'" गुलाब वाचत होता, "'आणि आमराईपलीकडे तलावाचे पाणी शेतात सोडणारा जुना तुडूम.'"

"थांब बापू," सुगंधाबाई म्हणाली. "मिल अन् आमराईच्या मंधात काय लिवलं?"

गुलाबनं कागद पुन्हा पाहिला. "काही नाही, आत्या."

"नकाशा आहे ना, नकाशा बघा," गुरुजींनी घाईनं दुसरा कागद पुढे केला.

नकाशा हातानं काढलेला होता. निळ्या शाईचा तलाव, काळ्या शाईची पाळ. सुगंधाबाईचं बोट बंगल्यापासून निघालं, बाजारावरून, वखारीवरून, मिलवरून पुढे सरकलं आणि एका रिकाम्या चौकोनावर थांबलं. चौकोनात तीन शब्द होते. तिनं ते स्वतःच अक्षर अक्षर लावून वाचले. 'येथे मोकळी जागा.'

मोकळी जागा! तिथं विणकरांची ओळ होती; हे घरही त्याच ओळीतलं, उरलेल्या चार-दोनांपैकी. पंचवीस घरं आणि कुठं एक, कुठं दोन असे जमिनीत खणलेल्या खड्ड्यांवर बसवलेले बत्तीस माग. आमराईच्या सावलीत सुताचे लांबच लांब ताणे बांधून त्यांना भाताच्या पेजेची खळ लावायचं, पांजणीचं, काम चालायचं. कुंचला घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडे पळायला हलकी पोर लागायची, आणि ती पोर सुगंधा होती. आसपासच्या वीस गावांतल्या बायका या ओळीची लुगडी नेसल्या होत्या. गहाणे गुरुजींची आईसुद्धा.

"अन् पाळ फुटल्ती, ते?" तिनं विचारलं. आवाज शांत होता, म्हणूनच देवरावनं चमकून तिच्याकडे पाहिलं.

"आहे की. वाच रे, तिसरं पान."

गुलाबनं वाचलं. "'एकोणीसशे एकोणसाठच्या भाद्रपदात तुडुमाजवळ पाळीला भगदाड पडले. कै. मोठे मालगुजार यांनी दिवसभर पाळीवर जातीने उभे राहून ग्रामस्थांच्या सहकार्याने ते बुजवले. पुढे गिरणीचे कापड आल्याने गावातील विणकरी बंद पडली.'"

चुलीवर वड्यांचं तेल तापून धूर येऊ लागला, तरी भागीरथेनं त्यात वडा सोडला नाही.

"गुरुजी," सुगंधाबाई म्हणाली, "भगदाड कायनं बुजवलं, ते काऊन नाई लिवलं?"

"लिहिलंय ना, सहकार्यानं..."

"सहकार्य पान्यात टाकल्तं का तुमी? तरंगत होतं का बुडलं?"

देवराव फिस्सकन हसला. गुरुजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

काय टाकलं होतं ते या घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्याचा उच्चार सत्तावीस वर्षांत झाला नव्हता. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. तुडुमाशेजारी पाळ खचू लागली, तेव्हा खालची विणकर ओळ सगळ्यांत आधी वाहून जाणार हे दिसत होतं. ओळीनं वेळेवर हातपाय हलवले. माग सुटे करून, तुरी, म्हणजे कापड गुंडाळायचे जाड लाकडी दांडे, खांब, फण्या खांद्यावर घेऊन माणसं टेकडीवर चढली. सगळं बचावलं होतं. वरून बघत बसायचं, एवढंच उरलं होतं. खाली गावानं वाळूची पोती टाकली, ती पाण्यानं ओढून नेली. बांबू टाकले, ते काडीसारखे वाहून गेले. आडवं जड लाकूड अडकल्याशिवाय पोती थांबणार नव्हती, आणि जंगलातून लाकूड यायला दोन दिवस लागले असते. मुखरू टेंभुर्ण्यांनी टेकडीवरून पाण्याकडे पाहिलं. मग मागे वळून म्हणाले, "माग खाली आना."

गावानं तीन वर्षांपूर्वीच ओळीचं कापड घेणं सोडलं होतं. छप्पन साली ओळीनं दीक्षा घेतली, त्याचा राग. लुगडी डोक्यावर घेऊन वडशाच्या बाजारापर्यंत चालत जावं लागे. तलावाच्या अकरा घाटांपैकी एकावरही त्यांना पाय ठेवायची सोय नव्हती. तुडुमातून बाहेर पडलेलं पाणी तेवढं त्यांचं. असं असून माग खाली आले. सागाचे जाड खांब, हातभर घेराच्या तुरी. एकोणीस वर्षांच्या सुगंधानं आपल्या मागाची तूर खांद्यावरून आणली, तेव्हा तिच्यावर अर्धं विणलेलं लुगडं गुंडाळलेलं होतं. सोडवायला वेळ नव्हता. लुगड्यासकट तूर गेली. ते लुगडं कुणाच्या अंगावर जायचं होतं, हे आता तिलाही आठवत नव्हतं. पण त्याचा काठ लाल होता.

पाळ राहिली. आजही तुडुमाजवळ ती जिथं थोडी फुगलेली दिसते, तिथं आत माग आहेत.

"सुगंधा, झालं ते झालं," खुशाल म्हणाला. त्यानं आवाज मोठ्या भावाचा लावला होता. "बाबा काय सांगून गेले? पाळीले देल्लं त्याचं नाव घेऊ नये. आपल्या गावची रीतच हाये तशी."

रीत खरी होती. दर उन्हाळ्यात प्रत्येक घरानं पाळीवर माती टाकायची, आणि कुणी किती टोपल्या टाकल्या हे मोजायचं नाही, बोलायचं नाही. टोपल्या मोजल्या की पाणी रुसतं, असं जुनी माणसं म्हणत. त्या रितीपायीच मुखरूजी मोठ्या मालगुजारांच्या दारात नव्या मागांसाठी लाकूड मागायला गेले नाहीत, ओळीतल्या दुसऱ्या कुणाला जाऊ दिलं नाही. माग परत उभे राहिलेच नाहीत. एकेक घर उठलं; कुणी माजरीला, कुणी भद्रावतीला, कुणी थेट नागपूरला. उरलेल्यांनी रोवणी धरली. खुशाल त्यातलाच. मुखरूजी अठरा वर्षांपूर्वी गेले, ते दुसऱ्याच्या बांधावर काम करता करता.

"बाबा म्हनत, वापस मांगू नये," सुगंधाबाई म्हणाली. "म्या काय मांगून राह्यली? लाकूड मांगतलं का? दुसऱ्यानं त्याच्यावर आपलं नाव लिवलं तरी चूप बसा, असं बाबा कवा म्हनले, सांग बरं भाऊ."

"बराबर हाये बाईचं!" देवराव उठून उभा राहिला. खाणीत युनियनचा बिल्ला लावून फिरणारा माणूस तो. "लिवा गुरुजी. बत्तीस माग लिवा. नाईतर मी समितीपुढी येतो, भय्यासाहेबाच्या तोंडावर सांगतो. कोनाच्या बापाची भीती हाये!"

"तू उद्या माजरीले जाशीन," खुशाल ताडकन म्हणाला. "इथी आमाले ऱ्हा लागते. अन् पोराची ऑर्डर? ते कोन आनन, तुही युनियन?"

देवरावला हे सुचलंच नव्हतं. गुलाबच्या ऑर्डरवर सही भय्यासाहेबांची, आणि स्मरणिकेत खोटं ठरणार होता तो भय्यासाहेबांचा बाप. देवराव हळूच खाली बसला. "तसं असन तं..." त्यानं मान खाजवली. "बाई, एवढी शताब्दी होऊन जाऊ दे. ऑर्डर एकडाव हातात आली का मंग पाहू."

"मंग म्हंजे कवा? दुसऱ्या शंभर वर्सानं?"

"अवं, पोट्ट्याचं तं पाह्य!"

तिनं पोट्ट्याकडे पाहिलं. गुलाब कागद मांडीवर ठेवून नखानं त्याची कड दुमडत होता. अंगावर इंटरव्ह्यूसाठी शिवलेला पांढरा शर्ट. बी.एड. झाल्यावर दोन वर्षांत सहा ठिकाणी अर्ज, सहा ठिकाणी नकार, आणि मग हे. तिचं काळीज तुटलं. सत्तावीस वर्षांपूर्वी मेलेल्या लाकडासाठी या जित्या पोराचा बळी द्यायचा? हा हक्क तिला कुणी दिला?

"ऱ्हाऊ द्या गुरुजी," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "खुशालभाऊ म्हनते तसं करा. लिवा, मुखरूजी चांगले विनकर होते. बस."

गुरुजींनी सुटकेचा श्वास टाकला. खुशालनंही टाकला. देवरावनं पाय लांब केले.

"कायले ऱ्हाऊ द्या?"

भागीरथा चुलीपुढून उठली होती. पिठाचे हात तसेच. या घरात सव्वीस वर्षं ती कमी बोलली होती आणि सुगंधाबाईशी तर फारच जपून. घरात परतून आलेल्या नणंदेशी कुठली भावजय मोकळेपणानं बोलते? शिवाय गुलाब झोपताना आत्याला शोधायचा, आईला नाही, हे तिनं कधी बोलून दाखवलं नसलं तरी विसरलीही नव्हती. ऑर्डरसाठी सगळ्यांत जास्त कुणी जीव टाकला असेल तर तिनंच. म्हणून खुशालला वाटलं, बरं झालं, ही आता बाईला गप्प करील.

"माह्या बापानं या घरी मले काऊन देल्लं, मालूम हाये?" ती नवऱ्याला नाही, गुरुजींना म्हणत होती. "दोन मागाचं घर हाये म्हनून. पोरगी सावलीत बसून खाईन म्हनून. साठ सालच्या माघात मी आली. आत पाय ठेवला तं घरात दोन खड्डे. माग नाई, निरे खड्डे. म्या सासूले इचारलं, आत्याबाई, माग कुठी हाये? ते काई नाई बोलली. कोनीच नाई बोललं. मले वाटलं, आपल्याले फसवलं. माह्या बापाले वाटलं, फसवलं. तो मरेपर्यंत या घराच्या पायरीवर नाई आला."

"भागीरथे," खुशाल म्हणाला.

"थांबा, मले बोलू द्या. ते खड्डे म्या बुजवले. टोपलीनं माती आनून, गुलाब पोटात होता तवा. जिथी तुमी आता खाट टाकली ना गुरुजी, तिथीच एक होता." गुरुजींनी नकळत पाय वर घेतले. "बारा वर्सानं मले आमराईजवळच्या मंगली बुढीनं खरं सांगतलं. तोवर मी या लोकाईले लबाड समजत होती. सासऱ्याच्या मैतीले मी मनापासून रडली नाई, बाई. आता ते रडनं कोठून आनू?"

सुगंधाबाईला हे ठाऊक नव्हतं. एका छपराखाली इतकी वर्षं काढून ठाऊक नव्हतं. तिला भावजयीचा एकदम कळवळा आला आणि आपली लाजही वाटली.

"वहिनी, पोराची नौकरी जाईन," ती म्हणाली.

"गेली तं गेली. हा उद्या मास्तर होईन, अन् पोराईले हेच पुस्तक वाचून दाखवन. मोकळी जागा म्हनून शिकवन. त्याच्यापरीस रोवनीले गेला तरी चालन मले."

गुरुजी आता चुळबुळू लागले. "हे बघा, भावना मी समजू शकतो. पण संपादकाला पुरावा लागतो. कागद काय आहे तुमच्याकडे?"

"कागद नाई, तुमी हाये ना," सुगंधाबाई म्हणाली. "गुरुजी, खरं सांगा. त्या दिवशी तुमी कुठी होते?"

गुरुजींनी टोपी डोक्यावर घातली, परत काढली. नाही म्हणणं त्यांना सोपं होतं. या खोलीत त्यांना अडवणारं कुणी नव्हतं. पण चाळीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलेला माणूस, जीभ लगेच वळेना.

"पाळीवर होतो," ते शेवटी म्हणाले. "मोठ्या मालगुजारांवर छत्री धरून उभा होतो."

"मंग मले पाह्यलं असन. मी खांद्यावर तूर आनली, ते."

"पाहिलं." टोपीची घडी करत ते पुन्हा म्हणाले, "तूर लाल होती, एवढं आठवतं."

"तूर नाई. लुगडं होतं तिच्यावर."

गुलाबनं खिशातून पेन काढलं. कुणी सांगितलं नव्हतं. मुखरूजींचा फोटो ज्या कोऱ्या पानाला टाचला होता, ते त्यानं मांडीवरच्या पाटावर घेतलं आणि लिहू लागला. त्याचं अक्षर वळणदार होतं. भय्यासाहेबांनी इंटरव्ह्यूत त्याचं कौतुक केलं होतं. लिहून झाल्यावर त्यानं मोठ्यानं वाचलं.

"'मुखरू टेंभुर्णे, विणकर. एकोणीसशे एकोणसाठच्या भाद्रपदात तुडुमाजवळ पाळ फुटली, तेव्हा यांच्या शब्दावर विणकर ओळीने टेकडीवर नेऊन वाचवलेले आपले बत्तीस माग खाली आणले आणि भगदाडात घातले. पाळ राहिली. ओळ उठली. माग अजून पाळीत आहेत.'"

खुशाल दाराकडे तोंड करून उभा होता. त्याची पाठ बघून सुगंधाबाईला वाटलं, आता हा कागद हिसकावून घेणार. पोरासाठी यानं समितीतल्या प्रत्येकाच्या पुढेपुढे केलं होतं, भय्यासाहेबांच्या शेतावर फुकट राबला होता, ते तिनं पाहिलं होतं. हिसकावला असता तर ती त्याला बोल लावणार नव्हती.

"बत्तीस नाई," खुशाल न वळता म्हणाला. "तेहतीस. मंगली बुढीचा माग ओळीत नव्हता, आमराईच्या कोपऱ्यात एकटा होता. म्या अन् शेजारच्या दसरूनं उचलला. सगळ्यात शेवटी तोच टाकला, अन् तोच अडकला. त्याच्याच्यानं पोती थांबली."

गुलाबनं बत्तीसवर रेघ मारून तेहतीस केलं.

"समजून करून राह्यला ना बाबू?" खुशालनं विचारलं. आता तो वळला होता, आणि त्याचे डोळे ओले होते.

"हो, बाबा."

मग गुलाबनं मजकुराच्या खाली आणखी एक ओळ लिहिली. गुरुजींनी मान वाकडी करून वाचली: 'माहिती देणार, गुलाब खुशाल टेंभुर्णे, बी.ए., बी.एड.'

"अरे, तुझं नाव कशाला?" गुरुजी कळवळून म्हणाले. "नावाशिवाय चालतं. मी घालतो कसंतरी मधल्या मधे. नाव बघितलं की त्यांना..."

"बघायलाच लिहिलंय, गुरुजी. त्यांनी विचारलं कुणी सांगितलं, तर तुम्हाला त्रास नको."

देवराव उठला आणि पुतण्याच्या शेजारी जाऊन बसला. भागीरथेनं वड्यांचा पहिला घाणा उतरवला आणि परात सगळ्यांत आधी सुगंधाबाईपुढे धरली. तिनं वडा घेतला.

साडेतीन झाले. गुरुजींनी कागद गोळा केले, टेंभुर्ण्यांचं पान वर ठेवलं, मग खाली घातलं, मग परत वर ठेवलं. दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यात थांबले.

"एसटीच्या आधी मला वाड्यावर जावं लागतं," ते म्हणाले. "भय्यासाहेब सगळी पानं एकदा नजरेखालून घालतात. मी खोटी आशा लावत नाही, बाई. ते या पानावर काट मारतील. वरपासून खालपर्यंत."

"मारू द्या ना गुरुजी," सुगंधाबाई म्हणाली. "काट मारासाठी त्याइले ते आंधी वाचा तं लागनच."